बाबांचा चारचा ग्लास: प्रकल्प नोंदी

३ मे, कुडाळ

बाबांचे वरचे उरलेले चार दात ३० एप्रिलला काढले. वरच्या हिरडीत आता एकही दात नाही, खाली सहा उरलेत. कवळी बसवण्याआधी जखमा भरून हिरड्या आकसाव्या लागतात, त्याला सहा ते आठ आठवडे लागतील असं डॉक्टर म्हणाले. तोवर मऊ खायचं. मऊ म्हणजे पेज, गुरगुट्या भात, वरण आणि पुन्हा पेज. तीन दिवसांत बाबा पेजेच्या ताटलीकडे बघेनासे झालेत. मार्चमध्ये वजन ५९ किलो होतं, आज सकाळी ५५.८ भरलं. हा आकडा पाहून मला रात्री झोप लागली नाही.

शाळेला जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी आहे आणि मी घरी आहे. म्हणून ठरवलं: रोज चार वाजता, चहाच्या वेळेला, बाबांना फळांची स्मूदी द्यायची. ग्लास ३०० मिलीचा. साखर नाही, आइस्क्रीम नाही, डब्यातला गर नाही. अंगी लागेल असं दूध, दही किंवा काजू त्यात हवंच. आणि बाबांनी ती मनापासून संपवायला हवी. ही अट सगळ्यांत अवघड आहे, कारण बाबांना आंबा कळतो. देठाजवळ वास घेऊन फळ उद्या तयार होणार की परवा, ते सांगतात आणि चुकत नाहीत.

डॉक्टरांची पथ्यं: स्ट्रॉ अजिबात नाही, कारण तोंडाने ओढताना जखमेवरची रक्ताची गुठळी निसटली तर खालचं हाड उघडं पडतं आणि ते फार दुखतं. बारीक बिया नाहीत, म्हणजे सब्जा, खसखस बाद. फार थंड नको, आंबट जपून.

सामान: मिक्सर ५५० वॅटचा, अकरा वर्षं जुना, मोठं भांडं दीड लिटरचं. वजनकाटा आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर मी नवीन घेतला. आणि ही वही.

४ मे

हापूसचा गर २०० ग्रॅम, वेलची केळी सोलून ९० ग्रॅम, दूध १०० मिली, बर्फाचे सहा खडे. दीड मिनिट फिरवलं. रंग सुरेख आला. आईने आणि मी अर्धं घेतलं, अर्धं बाबांना.

बाबांनी दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. "गो, ह्यात आंबो खंय आसा?"

मी पुन्हा चाखून पाहिलं. खरंच नव्हता. थर्मामीटर ३ अंश दाखवत होता. इतक्या थंडीत जिभेला गोडी नीट लागत नाही, आणि आंब्याचा वास फळातून सुटून नाकापर्यंत पोचतच नाही. त्यात बर्फ वितळतो तो वेगळाच. सहा खड्यांचं वजन करून पाहिलं, ११० ग्रॅम. पाचशे ग्रॅममध्ये ११० ग्रॅम नुसतं पाणी! आमरसात कुणी पाचवा हिस्सा पाणी ओतलं तर त्याला पंगतीतून उठवतील.

बर्फ बंद.

५ मे

बर्फाऐवजी फळच गोठवायचं. आंब्याच्या दोन सेंटीमीटरच्या फोडी स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटता मांडल्या, रात्रभर फ्रीजरमध्ये, मग डब्यात. काल घाईने एक डबा भरून तसाच आत ठेवला होता, त्याचा दगड झाला आणि बत्त्याने फोडावा लागला.

घरचा फ्रीजर फळ हळूहळू गोठवतो. त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात, म्हणून वितळलेली फोड लिबलिबीत होते. फोड म्हणून ती खाववत नाही. वाटायला मात्र ते सोयीचंच, मिक्सरचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

केळी सोलून चकत्या केल्या. सालासकट गोठवली तर साल काळी पडून चिकटून बसते.

६ मे

मिक्सर बंद पडला. गोठलेल्या फोडी आधी टाकल्या, वरून दूध ओतलं, बटण फिरवलं. पातं दहाएक सेकंद घुरघुरलं, मग मोकळं फिरू लागलं, मग जळका वास आला आणि सगळं थांबलं. खाली तळाशी लाल बटण असतं ते बाहेर आलं होतं. मोटरवर जास्त ताण आला की ते उडतं. वीस मिनिटं थंड होऊ दिलं, बटण दाबलं, सुरू झाला. पण रबरी कपलरचे दोन दात झिजलेत. बाजारातून नवा आणून बाबांनीच बसवला. पाना उलटा फिरवायचा असतो हे त्यांनी मला दाखवलं. दहा दिवसांत पहिल्यांदा ते एखाद्या कामाला हात लावून बसले, म्हणून आजचा बिघाड मला मुळीच सलला नाही.

कारण कळलं. पात्याभोवती ओलं काही नसलं की पहिल्या फेऱ्यांतच तिथे हवेचा खळगा होतो. वरच्या गोठलेल्या फोडी एकमेकींना अडकून कमान धरतात आणि खाली येतच नाहीत. पातं हवेत फिरत राहतं, नाहीतर एखादा खडा अडकून मोटर ओढ खाते. म्हणून क्रम असा: आधी दूध, मग दही किंवा मऊ फळ, गोठलेलं सगळ्यांत वर. फोडी फ्रीजरमधून काढून आठ मिनिटं बाहेर ठेवायच्या, बोट दाबलं तर किंचित खड्डा पडेल इतक्या. आणि सलग न चालवता तीन-तीन सेकंदांचे झटके, मधे भांडं हलवायचं.

७ मे

आंबा १२० (गोठलेला), आंबा ६० (ताजा), केळं ५०, दूध ८०. तापमान १० अंश. बाबांनी पाऊण ग्लास घेतला. "थंड आसा, पण चलात."

फेस फार झाला. आई म्हणाली, शिकरण केलं असतंस तर फेस आला नसता. बरोबर आहे. शिकरणात केळं हाताने कुस्करतात, दूध शांतपणे मिसळतात, वेलदोडा घालतात, त्यात हवा शिरायला वावच नसतो. मिक्सर मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्यात हवा आत ओढतो. जास्त वेळ फिरवलं म्हणजे जास्त मऊ, हा माझा समज चुकीचा होता. चाळीस सेकंदांपुढे फक्त फेस वाढतो. यापुढे एकूण चाळीस सेकंद, मग भांडं ओट्यावर हलके आपटायचं आणि दोन मिनिटं ठेवायचं.

९ मे

अननस आणला. बाजारात येतो तो बहुतेक केरळचा, पण हा दोडामार्गाकडचा होता, वास दारातून आत येत होता. अननस ८०, आंबा १००, दही ८०.

चव उत्तम. बाबांना एका घोटातच झोंबला. "हिरडेक लागता गो." मला हे आधी सुचायला हवं होतं. जखमा नऊ दिवसांच्या आहेत. अननसात आम्ल तर आहेच, शिवाय ब्रोमेलेन नावाचं विकर आहे जे प्रथिनं तोडतं. धडधाकट माणसाचीही जीभ जास्त अननस खाल्ल्यावर खरबरीत होते ती यामुळेच. बाबांना साधं दूध-केळं करून दिलं आणि त्यांची माफी मागितली.

उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं होतं. संध्याकाळी आईने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू झाला हा ह्या." मी चाखलं, कडूजार. चार वाजता गोड होतं ते सात वाजता कडू कसं?

११ मे

तीन वाट्यांची चाचणी. प्रत्येकीत दूध ५० मिली.
पहिलीत कच्चा अननस वाटून २० ग्रॅम.
दुसरीत तोच अननस पाच मिनिटं रटरटून उकळून, गार करून, २० ग्रॅम.
तिसरीत लिंबाचा रस एक चमचा.

दहा मिनिटांत पहिली आणि तिसरी फाटली, दुसरीत थोड्याच गुठळ्या. तिसरीत हे आम्लाचं काम, पहिलीत आम्लाबरोबर कच्च्या अननसातल्या विकराचंही. तिन्ही वाट्या फ्रीजमध्ये ठेवून दोन तासांनी चाखल्या. लिंबाची आंबट, पण कडू नाही. उकळलेल्या अननसाची गोड, कडू नाही. कच्च्या अननसाची कडू.

म्हणजे दूध फाटणं वेगळं आणि कडू होणं वेगळं. आम्लाने दूध फाटतं, त्याचं पनीर होतं, पनीर कडू नसतं. ब्रोमेलेन दुधातल्या केसिनचे तुकडे करतं आणि त्यातले काही बारीक तुकडे चवीला कडू असतात. उष्णतेने विकर निकामी होतं, ८० अंशांपुढे ते काही मिनिटांत संपतं. अननसाचा शिरा सकाळी केला तरी संध्याकाळी कडू का होत नाही, याचं उत्तर आज घरच्या घरी मिळालं. नववीच्या वर्गात विकरं शिकवते तेव्हा मी फळ्यावर नुसती आकृती काढते. यंदा तीन वाट्या घेऊन जाणार.

आई म्हणाली की हे तिला ठाऊक होतं, अननस दह्यात घालायचा तर आधी गुळाच्या पाण्यात एक कढ काढायचा. मी विचारलं, मग परवा सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू विचारलं नाहीस. यापुढे आईला आधी विचारायचं, हे ठळक लिहून ठेवते.

१२ मे

एक अख्खा अननस चिरून स्वतःच्याच रसात सहा मिनिटं शिजवला, गार करून वाटला, गाळला (दोरे बाबांच्या हिरडीत अडकतील), बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवला. एक खडा साधारण १८ ग्रॅम. शिजवल्याने ताज्या अननसाची धार जाते, ते नुकसान आहेच. पण झोंबत नाही आणि कडू होत नाही. महिनाअखेरपर्यंत फ्रीजरमध्येच राहू दे.

१४ मे

नारळाचं दूध. आडाळ्यावर एक नारळ खवला, कोमट पाण्यात वाटून पिळला. पहिलं घट्ट दूध १०० मिली, आंबा १५०, केळं ५०.

फसलं. वास स्वर्गासारखा, पण जिभेवर मेणासारखे कण. बाबांनी ते बोटावर घेऊन चोळून दाखवले, तेलकट. कारण कळायला वेळ लागला नाही, न्हाणीघरातल्या खोबरेलाच्या बाटलीने सांगितलं. जानेवारीत पहाटे ती थिजलेली असते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि माझा ग्लास १० अंशांवर आहे. घट्ट दुधात चरबी भरपूर, गोठलेल्या आंब्याशी भेट झाली की तिचे दाणे बनतात, आणि जितकं फिरवावं तितके ते एकत्र येतात. लोणी काढताना होतं तसंच.

१५ मे

घट्ट दुधाऐवजी शहाळं, आमच्याकडचं आडसर. पाणी ६० मिली आणि आतली कोवळी मलई ७० ग्रॅम. कोवळ्या मलईत चरबी कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे दाणे आले नाहीत. पोत रेशमी. केळं निम्मं केलं तरी दाटपणा राहिला.

बाबांनी अख्खा ग्लास संपवला. पहिल्यांदाच. काही बोलले नाहीत, ग्लास उलटा करून दाखवला.

१७ मे

पपई. सपक, आणि आईला तो वास चालत नाही. पिकलेल्या फळात पपेन फार कमी उरतं, त्यामुळे लगेच प्यायली तर कडू होत नाही, पण चवीत काही भरही पडत नाही. सोडून दिली.

१९ मे

आज सगळ्यांत जास्त शिकले, म्हणून सविस्तर.

आडसराची स्मूदी दोन-तीन दिवस चालली, मग बाबा कंटाळले. गोड, मऊ, गोड, मऊ. मलाही तेच वाटत होतं: पहिला घोट छान, पाचव्या घोटाला जीभ झोपते. आंबा पूर्ण पिकला की त्याची आंबट बाजू विझते. केळ्यात ती जवळपास नसते. दूध उरलीसुरली झाकून टाकतं. आंबटाशिवाय गोडाला कडा राहत नाही. जेवणाच्या ताटात आपण हे बरोबर सांभाळतो, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी असते, आमरसाला सुंठ नि मिठाची चिमूट असते. ग्लासात मात्र फळं टाकली की झालं असं मी धरून चालले होते.

लिंबू चालेल का, हा पहिला विचार. पण लिंबाचा वास आंब्यावर चढून बसतो. आईला विचारलं (वरची नोंद लक्षात ठेवून). ती फडताळातून आगळाची बाटली घेऊन आली. मागच्या मेमधल्या रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचा मीठ घालून साठवलेला रस.

एकच स्मूदी केली: आंबा ३००, मलई १२०, केळं ५०, दूध १००. चार वाट्यांत प्रत्येकी १०० मिली. आगळ: शून्य, १ मिली, २ मिली, ४ मिली. वाट्यांवर नुसते आकडे, कोणती कुठली ते फक्त मला ठाऊक.

शून्य: "कालचाच." १ मिली: आईला फरक कळला, बाबांना नाही. ४ मिली: सोलकढीच्या दिशेने गेली, खारटही लागली. २ मिली: बाबांनी वाटी संपवली, बोट फिरवून पुसून घेतली, आणि म्हणाले, "आज आंबो गावलो."

मी पाठ फिरवून मिक्सरचं भांडं धूत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

आगळात दोन गोष्टी एकदम येतात, आंबट आणि मीठ. मीठ अगदी थोडं असलं तर ते खारट लागत नाही, गोडी उठून दिसते आणि कडवटपणा दबतो. कोकमाला स्वतःचा असा आक्रमक वास नाही, म्हणून आंबा पुढेच राहतो. रंग थोडा गुलाबीकडे झुकतो, तेवढं चालेल. प्रमाण पक्कं: १०० मिलीला २ मिली, म्हणजे ग्लासाला एक छोटा चमचा आणि वर थोडं. जखमा आता एकोणीस दिवसांच्या आहेत, इतकं आंबट झोंबलं नाही. ९ मेला हे केलं असतं तर झोंबलं असतं.

२१ मे

नवी पेटी. आढीत घातलेली, पेंढा बाजूला केल्यावर रंग एकसारखा. बारा आंबे कापले, चारांत साका निघाला. बाहेरून काही कळत नाही, आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हापूसचं हे जुनं दुखणं. घाईत मी एक तशीच फोड भांड्यात टाकली होती. एका फोडीने अख्ख्या ग्लासाची चव बिघडते, म्हणून प्रत्येक आंबा कापल्यावर एक तुकडा चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बाबा म्हणाले, मागच्या दारचा रत्ना काढ. हे कलम त्यांनी मी शाळेत असताना वेंगुर्ल्याहून आणून लावलं होतं. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली ही जात १९८१ मध्ये आली. फळ मोठं, गर घट्ट, दोरे नाहीत आणि साका धरत नाही. हापूसचा वास रत्नाला नाही हे बाबाही मान्य करतात. पण गोठवायला रत्ना सरस, फोडी कडेने सुबक राहतात. तेव्हा आता जोडी अशी: पोत आणि थंडावा यासाठी गोठलेला रत्ना, वासासाठी ताजा हापूस. ताजं फळ शेवटी घालून फक्त दोन झटके द्यायचे.

२३ मे

वजन ५६.४. वाढतंय, पण हळू. आडसराच्या मलईतून फारसं प्रथिन मिळत नाही. दूध आहे, पण ८० मिलीतून अडीच ग्रॅमच. आज चक्का घातला, दही रात्रभर पंचात टांगून. ६० ग्रॅम चक्क्यातून साधारण पाच ग्रॅम मिळतात. पहिल्यांदा १०० ग्रॅम घातला तर सरळ आम्रखंड झालं, चमचा उभा राहिला. बाबांना आवडलं, पण मग तो ग्लास राहत नाही. साठवर थांबले.

शिवाय काजू १५ ग्रॅम, दोन तास भिजवून, आधी दुधाबरोबर एकटेच वाटून. सगळं एकत्र टाकलं तर काजूची कणी राहते आणि ती हिरडीला टोचते. सगळं मिळून दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन. पेजेच्या वाटीशी तुलना केली तर मला समाधान आहे.

काटा शून्यावर आणताना मनात आलं: अननस, काजू, ही झाडं पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली, नावंही त्यांच्याच भाषेतून. हापूस हे नावही अफोन्सोचंच. कोकम मात्र इथल्या सह्याद्रीचं. ते तळाशी चमचाभर असतं आणि सगळ्यांना धरून ठेवतं.

२६ मे

काल रात्री वळिवाचा पाऊस, विजा, कुठेतरी माडाची झावळी तारांवर पडली. वीज रात्री नऊला गेली ती सकाळी आठला आली. अकरा तास. फ्रीजर मी रात्रभर उघडला नाही, पण तो अर्धाच भरलेला होता. भरलेला फ्रीजर जास्त वेळ गार राहतो. सकाळी वरच्या डब्यातल्या फोडी पाण्यात तरंगत होत्या, खालच्या अजून कडक होत्या. अननसाचे खडे वाचले.

वितळलेला गर अडीच किलो. पुन्हा गोठवायचा नाही असं ठरवलं. पोतही जातो आणि उन्हाळ्यात वितळून पडलेल्या फळाचा भरवसा नसतो. सगळा पितळी पातेल्यात, कल्हई चांगली आहे, मंद आचेवर आटवायला घेतला. बाबा स्वतःहून चुलीशी येऊन बसले, उलथनं हातात घेतलं आणि तीन तास हलवत राहिले. मी करते म्हटलं तरी सोडलं नाही. आजीच्या वेळी मावा कसा करत ते सांगत होते. दात नसल्याने शब्द निसटत होते, पण दात काढल्यापासून ते इतकं बोलले नव्हते. मावा साडेसहाशे ग्रॅम झाला. एक चमचा मावा गोडीसाठी ग्लासात चालतो हेही कळलं.

फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत आता पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते.

२९ मे

बरका फणस. काकूंनी शेजारून अर्धा दिला. कापा असता तर बाबांना चावता आला नसता, बरका नुसता गिळवतो. गरे चाळणीवर घासून रस काढला, ८० ग्रॅम. दोरे चाळणीतच राहिले. मिक्सरमध्ये अख्खे गरे टाकायचे नाहीत, दोरे पात्याच्या दांड्याला गुंडाळतात.

फणस आंब्याला ग्लासात टिकू देत नाही. ८० ग्रॅममध्ये आंबा दिसेनासा झाला. ३० वर आणलं, तरी फणसच. म्हणून आंबा काढून टाकला: फणसाचा रस ८०, मलई ७०, दूध ८०, केळं नाही, आगळ अर्धा चमचा, वेलदोडा. ही वेगळीच वस्तू झाली आणि फार चांगली झाली. आईने पहिल्यांदाच दुसरा ग्लास मागितला.

१ जून

जखमा भरल्या. डॉक्टरांनी पाहिलं, हिरड्या गुलाबी आहेत म्हणाले. आता अननसाचे खडे बाहेर काढले. दोन खडे, म्हणजे ३६ ग्रॅम. अननस असेल तेव्हा आगळ निम्मं. झोंबलं नाही. बाबांनी विचारलं, हा त्या दिवशीचाच अननस का? त्यांना ते लक्षात होतं.

केळ्याची एक छोटी चाचणी केली. ग्लास एक तास ठेवला तर वरचा थर तपकिरी होतो. केळ्यातल्या विकराला हवा मिळाली की असं होतं. आगळ घातलेला ग्लास एक तासानेही पुष्कळ उजळ होता. आंबटाने ते विकर मंदावतं. तरी केल्यावर वीस मिनिटांत प्यावी, एवढं खरं. पुढे गर वर तरंगतो, पाणी खाली राहतं, आणि ढवळून आणलेली चव पहिल्यासारखी नसते.

४ जून

आंबा संपत आला. बाजारात उरलाय तो पावसाच्या धास्तीने काढलेला. रत्नाची शेवटची सतरा फळं उतरवली, बाबा खालून सांगत होते, मी झेल्याने काढत होते. चीक जायला तासभर पाण्यात ठेवली, पुसली, पिकायला पेंढ्यात लावली.

७ जून

आता जे रोज होतं ते एका जागी लिहिते, म्हणजे मी शाळेत गेल्यावर आईला वही चाळावी लागणार नाही.

काजू १५ ग्रॅम दुपारी दोनला भिजत घालायचे. पावणेचारला दूध ८० मिली आणि काजू छोट्या भांड्यात गुळगुळीत. ते मोठ्या भांड्यात ओतायचं, त्यावर चक्का ६०, अर्धं केळं, आगळ एक छोटा चमचा. वर गोठलेला रत्ना ९० ग्रॅम, आठ मिनिटं बाहेर ठेवलेला. झटके देत चाळीस सेकंद. शेवटी ताजा आंबा ३०, तो संपला की माव्याचा एक चमचा. दोन झटके. भांडं आपटायचं, दोन मिनिटं थांबायचं. थर्मामीटर १० ते १२ अंश दाखवेल. त्याहून थंड असेल तर बाबांना आंबा लागणार नाही, थोडं थांबायचं. आडसर मिळालं त्या दिवशी चक्का निम्मा करून मलई घालायची. स्ट्रॉ अजूनही नाही.

मधुमेह असलेल्या माणसाला हा ग्लास डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. साखर घातली नाही तरी फळाची साखर आहेच, आणि वाटून प्यायलेलं फळ चावून खाल्लेल्या फळापेक्षा पटकन पोटात जातं. बाबांना ती अडचण नाही. काकूंनी काकांसाठी कृती मागितली तेव्हा त्यांना हे आधी सांगितलं.

८ जून

मिरग. पहाटेपासून पाऊस. अंगणातला पेंढा आत घेतला. चार वाजता मी गडग्याकडचं पाणी काढून द्यायला गेले होते, परत आले तर मिक्सरचा आवाज. बाबा ओट्याशी उभे, चष्मा लावून काटा बघत होते. आगळ त्यांनी माझ्यापेक्षा थोडं जास्त घातलं. मी चाखलं. त्यांचं बरोबर आहे, पावसाळ्यात हवा गार असते तेव्हा इतकं आंबट बरं लागतं. वरच्या कृतीत "एक छोटा चमचा" खोडून "दीड, बाबांच्या हाताने" असं लिहिलं.

१२ जून

वजन ५७.६. कवळीची मापं घेतली, पंधरा दिवसांनी बसेल. डॉक्टरांच्या जिन्यात बाबा म्हणाले, "कवळी बसली काय पयलो सुको बांगडो खातलंय." ताजा मिळणार नाही, समुद्रातली यांत्रिक होड्यांची मासेमारी जुलैअखेरपर्यंत बंद आहे, हेही त्यांनी हिशेबात धरलंय.

परवा मी निघते. आज रत्नाची पिकलेली फळं कापून शेवटच्या फोडी गोठवल्या. फ्रीजरमधला साठा मोजला: रत्ना २.१ किलो, अननसाचे खडे १४, माव्याचा डबा पाऊण, फणसाचा रस दोन वाट्या. रोज ९० ग्रॅम धरले तर रत्ना तेवीस दिवस पुरेल. कागद फ्रीजच्या दारावर लावला, पेन दोऱ्याने बांधून ठेवलं. खाली बाबांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: "वीज गेल्यास दार उघडू नये."